शेवटचा खंड

हेडाऊ सरांची बोटं कागदावरून फिरायची तेव्हा फार बारीक आवाज यायचा. ऐनाच्या झाडाच्या पानावरून रेशमी कोशाची अळी सरकत जाते तेव्हा असाच आवाज होत असेल, असं मला नेहमी वाटे; पण तो आवाज मी कधी ऐकलेला नाही, म्हणून ही उपमा बरोबर आहे की नाही हे मला खात्रीनं सांगता येत नाही. हिवाळ्यात वर्गातला पंखा बंद असायचा, खिडकीतून तिरपं ऊन येऊन टेबलावर पडायचं, आणि उन्हाच्या त्या चौकोनात सरांचे दोन हात असायचे. चेहरा सावलीत आणि हात उजेडात. उजवी तर्जनी ओळ वाचत पुढे जायची, आणि डावी तर्जनी पुढच्या ओळीचा आरंभ धरून थांबलेली असायची, घरातल्या एकानं आधी जाऊन सगळ्यांसाठी जागा धरून ठेवावी तशी. ओळ संपली की उजवा हात परत यायचा, दोन्ही बोटं क्षणभर एकमेकांना भेटायची, आणि मग पुन्हा तो बारीक, कोरडा, सरकता आवाज.

सर जन्मापासून आंधळे. आम्ही त्यांच्यासमोर त्यासाठी निरनिराळे सभ्य शब्द वापरायचो, आणि ते हसून म्हणायचे, "आंधळा म्हणा जी, मले दिसत नाही, ऐकू येते." भंडाऱ्याच्या आमच्या महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवायचे. तासिकेवर होते, म्हणजे दरवर्षी उन्हाळा लागला की पुढच्या वर्षी हे असतील की नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर टांगलेला असायचा. वैनगंगेच्या पलीकडे कारध्याला त्यांचं घर होतं. सकाळी धुक्यात पुलावरून त्यांची पांढरी काठी आधी दिसायची आणि मग सर दिसायचे. धुकं दाट असलं की पुलावरची सगळीच माणसं चाचपडत चालत, आणि सर मात्र रोजच्याच गतीनं येत. त्या एका ऋतूत ते आमच्यापेक्षा सराईत असत.

माझ्या घरात माझ्याआधी महाविद्यालयात कोणी गेलेलं नाही. सानगडीकडे आमची धानाची शेती आहे, थोडीच. इंग्रजी मला दुकानातल्या काचेच्या कपाटासारखी वाटायची: आतलं सगळं स्वच्छ दिसतं, पण हात लावायचा नाही. मी इंग्रजी वाङ्मय हा विषय घेतला तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, "हे काहून घेतलं वो?" पहिल्या आठवड्यात सरांनी सांगितलं, उद्या येताना प्रत्येकानं घरातली एक मूठभर वस्तू आणावी. कोणी कापूस आणला, कोणी वाळू, कोणी मोहाची फुलं. मी गावावरून आणलेल्या पिशवीतून लाखोरी घेतली, धानामागून आमच्याकडे पेरतात ते कडधान्य. सरांनी माझ्यासमोर तळहात पसरला, मी दाणे त्यावर ओतले, आणि अंगठ्यानं एकच दाणा फिरवून ते म्हणाले, "लाखोरी. कुऱ्हाडीसारखी टोकं असतात हिले. घरची का बाजारातली?"

"घरची आहे जी. आमच्या बांधीतली."

"मग डाळ करून आण एखाद्या दिवशी. नुसती दाखवून काय फायदा?"

सगळा वर्ग हसला, आणि त्या हसण्यात माझी भीती थोडी कमी झाली. मग त्यांनी सांगितलं की ज्याला हात लावता येतो तेच आपल्याला खरं वाटतं, आणि इंग्रजी शब्दांनाही हात लावता येतो, कारण प्रत्येक शब्दाला एक जुनी पाठ असते. तिच्यावरून हात फिरवला की तो कुठून आला ते कळतं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात शब्दांच्या जन्मकथा सुरू झाल्या. त्यांतल्या त्यांत स्पर्शाच्या शब्दांकडे ते पुन्हा पुन्हा येत. नदीवर गेलेला माणूस कोणत्याही वाटेनं गेला तरी शेवटी ज्या घाटावर उतरतो, तसा तो त्यांचा घाट होता.

'कॅरेस' हा शब्द त्यांनी मला आधी दिला. कुरवाळणं. त्याच्या मुळाशी फक्त 'प्रिय' एवढाच अर्थ आहे. हाताचा त्यात उल्लेखही नाही. कोणीतरी प्रिय म्हणालं आणि पुढच्यांनी त्यात हात घातला, असं सर म्हणाले. 'फील' हा शब्द तळहाताच्या कुळातला असावा, असा जाणकारांचा तर्क आहे, असंही ते सांगत. तर्क असेल तिथे ते 'तर्क' म्हणत, आणि मला त्यांची ती सवय फार आवडायची. 'पाल्पिटेट' म्हणजे काळीज धडधडणं. त्याच्या मुळात हलकेच थोपटणं आहे. छातीच्या आत कोणीतरी बसून आपल्याला थोपटत असतं, आणि आपण त्याला भीती म्हणतो. 'कॉन्टॅक्ट' आणि 'कॉन्टेजियन', ओळख आणि रोगाची लागण, या सख्ख्या बहिणी; दोघींचा अर्थ एकच, एकमेकांना हात लागणं.

आणि 'इंटिजर'. पूर्णांक. मूळ अर्थ, ज्याला कोणी हात लावलेला नाही तो.

"सर, म्हणूनच मी गणिताले कधी हात नाई लावला जी," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला.

"मग तू पूर्णांक आहेस बेटा," सर म्हणाले, "आणि तसाच राहशील."

हसणं ओसरलं. इंग्रजांच्या भाषेत स्पर्शाला नकार लावला तर एक अखंड संख्या तयार झाली. आपल्या भाषेत त्याच नकारानं काय तयार झालं, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, काहींना घरातून ठाऊक होतं. ते कोणी बोललं नाही. सरांनी फक्त टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अखंड राहणं ही काही फार चांगली गोष्ट नाही. कोणाचा तरी हात लागावा माणसाले."

मला वाटतं, मी इंग्रजी शिकायला त्या दिवशी सुरुवात केली.

हे सगळं ते ज्या ग्रंथातून शिकले तो ग्रंथ मी त्यांच्या घरी पाहिला. शब्दांच्या जन्मकथांचा एक कोश, ठिपक्यांच्या लिपीत उठवलेला. डोळसांच्या छपाईत तो एका हातात मावला असता; ठिपक्यांत त्याचे इतके जाड खंड झाले होते की एका वेळी एकच खंड टपालानं येई, आंधळ्यांसाठी चालवलेल्या एका दूरच्या ग्रंथालयाकडून. वाचून झाला की परत पाठवायचा, मग पुढचा. सर शब्द शोधायला खंड उघडत नसत. पहिल्या पानापासून सरळ वाचत जात. आमच्याकडे धान रोवताना बाया ओळीनं मागे मागे सरकतात, कुठलीही जागा सोडून पुढे जात नाहीत, तसे. त्यामुळे आम्ही कोणता शब्द कधी शिकलो, हे सर कोणत्या खंडात पोहोचले आहेत यावर अवलंबून असे. मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा फक्त शेवटचा खंड राहिला होता. मी एकदा विचारलं होतं, "सर, खुद्द 'टच' कुठून आला?" ते म्हणाले, "तो शेवटच्या खंडात आहे. मी अजून तिथं पोहोचलो नाई."

"मोबाईलवर लगेच मिळन सर."

"मिळन ना. पण मोबाईल मले सांगते. मले तिथं जायचं आहे."

तेव्हा मला हे बोलणं कळलं नव्हतं. त्यांच्याकडे बोलणारा मोबाईल होता, ते तो रोज वापरत, बातम्या ऐकत, निरोप पाठवत. पण ऐकलेल्या शब्दाला टोक नसतं, असं ते म्हणत. तो कानावरून वाऱ्यासारखा जातो, परत फिरून त्याच्या पहिल्या अक्षराशी जाऊन उभं राहता येत नाही. बोटाखालचा शब्द थांबतो. आयुष्यभर ज्याला लोकांनी सांगितलेलं ऐकूनच घ्यावं लागलं, त्याच्यासाठी ठिपक्यांचं पान ही एकच अशी जागा होती जिथे तो कोणाचंही बोट न धरता स्वतः जात होता.

रविवारी मी कारध्याला त्यांच्याकडे इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला जायची, माझे उच्चार सुधारावेत म्हणून. अंगणात पेरूच्या झाडाखाली काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कोसा, ते रानरेशीम, कातत बसलेल्या असायच्या. उकडलेले कोसे मडक्यात, काही कोशांची टोकं डाव्या हातात एकत्र धरलेली, आणि उजव्या तळव्यानं मांडीवर त्या तंतूंना पीळ द्यायचा. तळवा मांडीवरून पुढे जाई, मागे येई, आणि कुठेही न दिसणारा धागा हळूहळू दिसायला लागे, सोनेरीही नाही, मातकटही नाही, उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या गवतासारखा. त्यांचंही सगळं काम न पाहता चालायचं. डोळे रस्त्यावर, हात कोशावर. त्या घरात दोन माणसं होती आणि दोघांचेही डोळे हातात होते.

"तुमच्या इंग्रजाईनं कोसा कातला असता तं इतके शब्द नसते लागले त्याईले," काकू म्हणायच्या.

"तुही जीभ कातते ना, तेवढं पुरे," सर आतून म्हणायचे.

सरांचे स्वतःचे टिपणाचे कागदही होते. पाटी आणि टोच्यानं त्यांनी स्वतः ठिपके पाडून ठेवलेले, स्पर्शाच्या शब्दांचा एक गठ्ठा. काकूंनी तो कोशाच्या धाग्यानं शिवला होता आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात एक टपोरी गाठ मारली होती, वरची बाजू कुठली ते हाताला कळावं म्हणून. ती गाठ मारताना मी तिथेच होते. त्या दिवशी सरांनी एका जाड कागदावर माझं नावही टोचून दिलं होतं, प्रणाली, आणि म्हणाले होते, "घे, तू आता माझ्या भाषेत आहेस."

ते वर्ष कधी उताराला लागलं, मला सांगता येत नाही. असं काही एका दिवशी होत नाही. दिवाळीनंतर कधीतरी सरांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात दिसलं. मग खडू हातातून पडला आणि रिकामी बोटं थोडा वेळ तशीच लिहिण्याच्या बेतात राहिली. मग चहाचा कप, इतका गरम की आम्ही कोणी धरला नव्हता, त्यांनी मजेत दोन्ही हातांत धरून ठेवला. 'नम्ब' हा शब्द त्यांनी आम्हाला आदल्या वर्षीच शिकवला होता: बधिर, मूळ अर्थ, नेलेलं, कोणीतरी उचलून घेतलेलं. जुन्या लोकांना वाटलं असेल की बधिर झालेला अवयव आपल्याजवळ असतो खरा, पण आपला नसतो, त्याला कोणी घेऊन गेलेलं असतं. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं, इतर शब्दांसारखंच.

मग एका सकाळी, वर्गाबाहेर धुकं अजून उतरलं नव्हतं. सरांनी उजळणीसाठी टिपणांचा तो गठ्ठा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, पहिलं पान उघडलं, आणि वाचायला लागले. तोच शांत स्वर, तेच दोन हात, तीच एकमेकांना भेटणारी बोटं. 'कॅरेस'पासून सुरुवात झाली. मी लिहून घेता घेता वर पाहिलं, आणि मला गाठ दिसली. ती सरांच्या पोटाशी होती, खालच्या कोपऱ्यात.

गठ्ठा उलटा होता. वरची बाजू खाली आली होती आणि पानावरची प्रत्येक ओळ डोक्यावर उभी होती, आणि सर न अडखळता वाचत होते. उजवी तर्जनी पुढे जात होती, डावी थांबत होती. ओळीच्या शेवटी ते थांबत, बरोबर तिथे, जिथे ओळ संपत नव्हती. वर्गात इतरांना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. आमच्या डोळ्यांना ते सगळे नुसते ठिपके. मी मात्र त्या गाठीकडे बघत राहिले. संपूर्ण तासभर एक माणूस आमच्यासमोर पाठ म्हणत होता आणि त्याची बोटं केवळ सोबत म्हणून कागदावर चालत होती.

वर्ग रिकामा झाल्यावर मी टेबलापाशी गेले आणि काही न बोलता गठ्ठा फिरवून सरळ केला. गाठ त्यांच्या अंगठ्याखाली आली. अंगठा तिच्यावरून गेला आणि थांबला नाही. कागदाची सळसळ मात्र त्यांनी ऐकली.

"उलटा होता काय?"

"हो सर."

"पहिल्यापासून?"

"हो."

"किती जणाईले समजलं?"

"कोणालेच नाई जी. गाठीचं फक्त मले माहीत आहे."

ते हसले. "म्हणजे पोट्टे ऐकून राहिले होते, पाहून नव्हते राहिले. चांगलं आहे." मग बराच वेळ त्यांनी हात टेबलावर तसेच ठेवले, पालथे, दुसऱ्याच्या वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. "हे तं पाठ आहे मले," ते म्हणाले. "पण शेवटचा खंड पाठ नाई ना. तो आला आहे, बेटा. पंधरवडा झाला. उघडून बसतो, आणि पान गुळगुळीत लागते."

रक्तातल्या साखरेनं बोटांच्या नसा गेल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की पथ्य पाळा, गोळ्या घ्या, आहे ते टिकेल. गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. "चांगला माणूस होता," सर म्हणाले, "खोटं नाई बोलला." पण आशा सांगून जात नसते. काकूंनी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून रोज बोटांना चोळलं. सरांच्या मनात आलं की कातडी जाड झाली असेल, काकूंच्या तळव्याची होते तशी. म्हणून ते न्हाणीतल्या दगडावर बोटांची टोकं घासत बसू लागले. कोसा कातणाऱ्या घरात कातडी जाड होण्याची गोष्ट रोजचीच, घासून ती मऊ करण्याचीही. त्यामुळे हे चुकतं आहे असं घरात कोणालाच वाटलं नाही. दुखणं आतल्या नसांचं होतं आणि इलाज वरच्या कातडीवर चालला होता. एका रविवारी मी गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही तर्जनींची टोकं लाल झाली होती, आणि ती घासून दुखावली आहेत हे आम्हालाच त्यांना सांगावं लागलं.

त्याच दिवशी मी गावाकडून लाखोरीची डाळ आणली होती. सरांनी पिशवीत हात घातला, दाणे मुठीत घेतले, सोडले, पुन्हा घेतले.

"काय आणलंस वो पोरी?"

"लाखोरी आहे ना जी," काकूच बोलून गेल्या, "वळखू नाई आली?"

"आली ना," सर म्हणाले, "तुहा आवाज आला तं वळखू आली."

काकू उठल्या आणि चुलीशी गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी कोशांचं मडकं उतरवून सरांच्या शेजारी ओट्यावर ठेवलं. आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो. सरांचा हात सवयीनं मडक्याकडे गेला आणि पाण्यात शिरला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. कोसे चाचपत ते म्हणाले, "थंडं झालं वाटते." काकूंची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. त्यांनी तो हात ओढून काढला, पदरात धरला, आणि रागानं, रडत, एकसारख्या म्हणत राहिल्या, "कसा माणूस आहे हा! कसा माणूस आहे!" सर मान किंचित वाकडी करून ऐकत होते. आपल्या हाताला काय झालं आहे ते त्यांना बायकोच्या आवाजावरून समजून घ्यायचं होतं.

त्यानंतर बोटांवर फोड आले, ते बसले, कातडी नवी आली. नवीन कातडी तरी वाचेल, असं मला काही दिवस वाटत होतं. मी हे बोलले नाही. काकूंनाही तसंच वाटत असावं. नवी कातडीही गुळगुळीत पानावरूनच फिरली.

होळीच्या आधीची दुपार होती. पेरूची पानं अंगणात पडून वाजत होती. ग्रंथालयाकडून विचारणा आली होती, खंड परत हवा आहे, पुढचा वाचक थांबला आहे. सर ओट्यावर बसले होते आणि तो जाडजूड खंड त्यांच्या मांडीवर होता, मिटलेला. दोन्ही हात त्यावर. नेहमी चालणारे ते हात इतके स्थिर मी पहिल्यांदा पाहत होते, आणि काठाला लावून ठेवलेल्या, खालचं पाणी उतरून गेलेल्या डोंग्यांची, त्या छोट्या लाकडी होड्यांची, मला आठवण झाली.

"प्रणाली, काढ मोबाईल," ते म्हणाले. "वाच आता."

"काय वाचू सर?"

"याच्यात जे आहे ते. आधी टेस्ट वाच. तिथून चालत जाऊ."

मी शोधून वाचलं. 'टेस्ट', चव, फार पूर्वी या शब्दाचा अर्थ चव घेणं असा नव्हता, हात लावून पाहणं असा होता, नंतर तो हातातून जिभेवर गेला.

"घ्या," सर म्हणाले, "म्हणजे अजून जीभ आहे मले."

"शुगरवाल्याले जीभ कायले पाहिजे?" काकू मांडीवरचा धागा न सोडता म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. त्या घरातलं मला आठवणारं ते शेवटचं हसू.

मग मी 'टच' काढला. मी वाचलं की हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्याआधीचं नक्की सांगता येत नाही. पण तर्क असा आहे की मुळात तो शब्दही नव्हता, नुसता एक आवाज होता. काहीतरी ठोकल्याचा, वाजवल्याचा. टक.

"तर्क आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. तर्क लिहिलं आहे."

काकूंचा तळवा मांडीवर थांबला होता. जो शब्द गाठायला ते इतके खंड चालत आले होते, तो शेवटी कानानंच त्यांच्याकडे आला. आणि आला तोही हे सांगत की मी मुळात कानाचाच होतो. मला वाटलं होतं, यात त्यांना काही समाधान मिळेल. आंधळ्या माणसासाठी यापेक्षा योग्य मूळ कोणतं असणार, असं काहीतरी मी मनात जुळवतही होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते सगळं माझ्या तोंडात विरून गेलं.

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वाकवली आणि सांध्यानं खंडाच्या पुठ्ठ्यावर वाजवलं. टक. टक.

काकू आपल्याच नादात होत्या, दारावर कोणी आलं असं वाटून त्यांनी विचारलं, "कोण आहे जी?"

"कोणी नाई," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तो खंड टपालात देऊन आले. कॅनव्हासच्या पेटीत तो होता, काकूंनी पेटी कोशाच्या दोरीनं बांधली होती. आंधळ्यांच्या पुस्तकांना टपालखर्च लागत नाही, म्हणून टपालातल्या माणसानं ती वजन न करता बाजूला सारली. त्यातलं एकही पान सरांनी वाचलेलं नव्हतं, आणि पुढच्या वाचकाला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. न वाचलेल्या पानावर बोटांची खूण राहत नाही, आणि वाचलेल्यावरही फार थोडी राहते. उन्हाळ्यानंतर सरांनी नेमणुकीसाठी अर्ज केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, पाठ असलेलं किती दिवस वाचल्यासारखं करू? आता दुसरे सर येतात. चांगलं शिकवतात. शब्दांचे अर्थ देतात.

मी अजून कधी कधी पुलावरून कारध्याला जाते. सर ओट्यावर बसलेले असतात, हात मांडीवर. मी आले की ओळखतात, बसायला सांगतात, गावचं विचारतात, रोवणी झाली का विचारतात. वर्तमानपत्र वाच म्हणत नाहीत. काकूंचा धागा मागे-पुढे होत असतो आणि बोलणं त्याच्याइतकंच बारीक होत जाऊन कुठेतरी तुटतं. जुळवून घ्यायला कोणी टोक शोधत नाही.

माझं नाव टोचलेला तो कागद माझ्या खोलीत आहे. पुस्तकांच्या खाली दबून त्यावरचे ठिपके बसत चालले आहेत. कधीतरी दुपारी मी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवते. मला ते वाचता येत नाहीत, खरखर तेवढी लागते, आणि तीही आता पूर्वीइतकी नाही. ज्यांनी ती अक्षरं कागदातून वर उचलली त्यांच्या बोटांना ती सापडणार नाहीत, आणि जिच्यासाठी उचलली तिला ती कधी येणारच नव्हती. तरी त्या कागदावर माझं नाव आहे, आणि ते नेमकं कधी पुरतं सपाट झालं हे कोणाच्याही हाताला कळणार नाही.